सायन्स आपल्या मुलींना झेपत नाही?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या शाळेच्या ऑफिसात पालकांची वर्दळ असते. कुणाला गुणपत्रिका हवी असते, कुणाला शाळा सोडल्याचा दाखला. या दिवसांत मी मुद्दाम ऑफिसातल्या बाकावर बसून राहते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान-गणिताशी माझा तसा काही संबंध नाही. पण आया माझ्याशी मोकळेपणाने बोलतात आणि मुलीचे पुढे काय ठरले आहे ते दाखल्याच्या अर्जावर सही करता करता सांगून टाकतात.

यंदा अशीच एक आई आली. मुलीला ८६ टक्के. विज्ञानात शंभरपैकी ९१. मी सहज म्हटले, "मग सायन्सच ना?"

"नहीं टीचर, आर्ट्स. लडकी की जात है, रोज का आना-जाना कौन देखेगा? और सायन्स उसकू झेपनेवाला नहीं."

मुलगी शेजारीच उभी होती. ९१ गुणांची गुणपत्रिका तिच्या हातात होती, आणि सायन्स तिला झेपणार नाही हे तिच्यासमोरच ठरत होते. ती काही बोलली नाही. मीही लगेच काही बोलू शकले नाही, कारण हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतः बोलले आहे.

तेव्हा मला नोकरीला लागून तीनच वर्षे झाली होती. दहावीत एक मुलगी होती. तिच्या अब्बांचे मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान होते. त्यांच्याजवळ बसून बसून तिचा हात असा बसला होता की शाळेचा लाऊडस्पीकर बिघडला की शिपाईमामा आधी तिला हाक मारायचे. निकालानंतर तिचे अब्बा मला विचारायला आले, "टीचर, इसकू आगे क्या करना?" मी नव्या कोऱ्या बी.एड.च्या तोऱ्यात सांगितले, "उर्दू मीडियमची मुलगी आहे, अकरावीला सगळे इंग्रजीत असते, तिला झेपणार नाही. आर्ट्स करू द्या, मग डी.एड. मुलींना तेच बरे." त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या बाईचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. बारावीतच तिचे लग्न ठरले. डी.एड. राहिलेच.

गेल्या वर्षी ती आपल्या मुलीला पाचवीत घालायला आली. तक्रारीचा एक शब्दही बोलली नाही. चहा घेतला, माझ्या घरच्यांची विचारपूस केली आणि जाता जाता विचारले, "टीचर, हिला गणित फार आवडते. त्यात पुढे काही होते का?"

मला धड उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी विचारत, वाचत, पॉलिटेक्निकच्या दारात चकरा मारत जे गोळा केले, ते इथे लिहिते आहे.

आधी भाषेचे बोलू, कारण ते माझ्याच अंगणातले आहे. उर्दू माध्यमाची मुलगी दहावीपर्यंत कुव्वत, इसराअ, खलिया, मुसावात, मुसल्लस असे शब्द शिकते. मराठी माध्यमातली तिची मावसबहीण त्याच गोष्टींना बल, त्वरण, पेशी, समीकरण, त्रिकोण म्हणते. दोघी अकरावी सायन्सला जातात आणि फळ्यावर एकदम फोर्स, अ‍ॅक्सिलरेशन, सेल, इक्वेशन. पहिल्या चाचणीत गुण कोसळतात. घरी लगेच कुणीतरी म्हणते, "बघ, आम्ही सांगितले होते." खरे तर त्या मुलीला बल म्हणजे काय हे पक्के ठाऊक असते, त्याचे नवे नाव तेवढे ठाऊक नसते. ही अडचण भाषांतराची आहे. मुलीच्या डोक्यात काही कमी आहे म्हणून ती आलेली नाही. पण आपण निकाल देतो तो डोक्याचा.

हे सांगताना मला एक नाव नेहमी आठवते, मरियम मिर्झाखानी. १९७७ साली तेहरानमध्ये जन्मलेली ही मुलगी. लहानपणी तिला लेखिका व्हायचे होते, हाती पडेल ते पुस्तक वाचायची. मोठा भाऊ शाळेतून घरी आला की तिला काही ना काही सांगायचा. एकदा त्याने सांगितले की एकपासून शंभरपर्यंतचे आकडे गाऊस नावाच्या मुलाने एका युक्तीने झटकन कसे मिळवले. मरियमला त्या उत्तराची मोठी गंमत वाटली.

आता पुढचा भाग आपण शिक्षकांनी जरा लक्ष देऊन वाचावा. माध्यमिक शाळेच्या पहिल्याच वर्षी तिचे गणित चांगले गेले नाही. तिच्या गणिताच्या बाईंना ती काही विशेष वाटली नाही. त्या वयात समोरचा माणूस आपल्यात काय पाहतो यावर सगळे असते, असे तिने पुढे मोठी झाल्यावर सांगितले. तिचा गणितातला रस तिथेच संपला होता. पुढच्या वर्षी दुसरे शिक्षक आले, त्यांनी धीर दिला आणि गाडी रुळावर आली. म्हणजे फरक पडला तो एका वर्षाचा आणि एका शिक्षकाचा.

नंतर तिच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या हाती ऑलिंपियाड स्पर्धेचे सहा प्रश्न लागले. दोघींनी बरेच दिवस डोके घालून त्यातले तीन सोडवले आणि तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेल्या. मुलांच्या शाळेत अशा प्रश्नांचे जादा वर्ग होतात, आम्हाला का नाहीत? बाई खंबीर निघाल्या. इराणच्या ऑलिंपियाड संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती, तरी बाईंनी वर्ग सुरू करून दिले. १९९४ साली मरियमला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळाले. १९९५ साली पुन्हा सुवर्ण, आणि या खेपेला पैकीच्या पैकी गुण. तेहरानच्या शरीफ विद्यापीठातून पदवी घेऊन ती अमेरिकेत हार्वर्डला गेली. तिथे वर्गात ती इंग्रजीत प्रश्न विचारून प्राध्यापकांना भंडावून सोडायची, पण वहीत टिपणे काढायची ती फारसीत, आपल्या मातृभाषेत. २०१४ साली तिला फील्ड्स मेडल मिळाले. गणितातला हा सर्वोच्च मान १९३६ पासून दिला जातो. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

तिची छोटी मुलगी म्हणायची की अम्मी चित्रे काढते, कारण मरियम जमिनीवर मोठमोठे कागद पसरून त्यावर आकृत्या काढत विचार करायची. २०१७ साली कर्करोगाने तिचे निधन झाले. अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य. अल्लाह तिची मगफिरत करो.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मुलींच्या डोळ्यांत चमक आली ती मेडलच्या वेळी नाही, फारसी टिपणांच्या वेळी आली. एकीने विचारले, "म्हणजे चालते, मॅडम?" चालते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी आणि मी मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत एक वही केली. डावीकडे उर्दू शब्द, मधे मराठी, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीतही. दहावीच्या पुस्तकांतले जवळजवळ सगळे शब्द एका दोनशे पानी वहीत मावले. मुलींनी तिच्या झेरॉक्स काढून घेतल्या. कोणत्याही शाळेला हे करता येईल, पैसे लागत नाहीत.

कुणी म्हणेल, तेहरान फार लांब राहिले, त्या मोठ्या शहरातल्या मुलीचे आमच्या तालुक्यात काय? तर मग आपल्याच देशातले सेनगोट्टै घ्या. तामिळनाडूच्या तेनकासी जिल्ह्यातले, केरळच्या सीमेजवळचे हे छोटे गाव. निगार शाजी तिथल्या. वडील गणिताचे पदवीधर, पण त्यांनी शेती पत्करली. मुलगी गावातच शाळा शिकली, तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इंजिनियर झाली आणि १९८७ साली इस्रोत रुजू झाली. सूर्याचा अभ्यास करणारे भारताचे पहिले अंतराळयान, आदित्य एल-१, २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले, तेव्हा त्या प्रकल्पाच्या संचालक निगार शाजी होत्या. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या ठरलेल्या जागी ते यान ६ जानेवारी २०२४ रोजी पोहोचले. यानावर एकूण सात उपकरणे आहेत. त्यातली सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो घेणारी दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली आहे. सहलीला दरवर्षी त्याच त्या किल्ल्यावर जाण्यापेक्षा एखाद्या वर्षी मुलींना विज्ञानाचे असे काही दाखवायला न्यावे, असे मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये सुचवले आहे. अजून विचाराधीन आहे.

हे सारे फक्त आपल्या समाजातच घडते असे समजून खाली मान घालायचे मात्र कारण नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या, घरात वडील आणि काका रसायनशास्त्राचे जाणकार. तरीही १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला, केवळ मुलगी म्हणून. कमलाबाई हटल्या नाहीत, समोर जाऊन जाब विचारला. शेवटी वर्षभर अटींवर घेतले. त्यांचे काम पाहून पुढे संस्थेने इतर मुलींनाही दार उघडले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नोबेल मिळालेला माणूसही मुलींच्या बाबतीत चुकला, तिथे माझ्यासारखी तीन वर्षांच्या नोकरीची टीचर काय. पण कमलाबाईंना जाब विचारता आला. माझ्या त्या विद्यार्थिनीला विचारता आला नाही, आणि तिच्या अब्बांनाही नाही.

दीनाचा प्रश्न काही घरांत निघतो, म्हणून दोन शब्द. पहिल्या वहीची सुरुवातच 'इकरा', वाच, या शब्दाने झाली हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवले. हजरत रुफैदा (रजि.) मस्जिदे नबवीतल्या तंबूत जखमींवर उपचार करत. दहाव्या शतकात इब्न अल-नदीमने आपल्या 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात अस्तुरलाब बनवणाऱ्या कारागिरांची यादी दिली आहे. ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचे हे यंत्र, नमाजच्या वेळा ठरवायलाही त्याचा उपयोग होई. त्या यादीत एक बाई आहे, अल-इजलिय्या. हलबच्या सैफुद्दौलाकडे ती काम करत असे. तिचे वडीलही अस्तुरलाब बनवत आणि बापलेक दोघे एकाच उस्तादाचे शागीर्द. तिच्याबद्दल एवढीच ओळ आहे. हल्ली जलशांत तिच्यावर लांबलचक कहाण्या सांगतात. मला ती एक ओळच जास्त बोलकी वाटते. बापाने मुलीला आपल्या उस्तादाकडे नेले, बस्स. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातला बापही हेच करत होता.

आणि एक विसंगती पाहा. घरातल्या बाईची तपासणी करायला आपल्याला लेडी डॉक्टर हवी असते. सोनोग्राफीला बाई हवी, रक्त काढायलाही बाई हवी. हव्यातच. पण त्या तयार कुठून होणार, जर प्रत्येक घराने आपली मुलगी तेवढी आर्ट्सला घातली?

सायन्स म्हणजे डॉक्टर, हेही एक खूळ आहे. नीटमध्ये नंबर लागला नाही की बी.एस्सी.चा अर्जही न भरता मुलीला घरी बसवतात. डी.एम.एल.टी. आहे, फार्मसी आहे, कृषी आहे, संख्याशास्त्र आहे. आणि ज्या वाटेबद्दल मला स्वतःलाच काही माहिती नव्हती, ती म्हणजे पॉलिटेक्निक. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावी, सीईटी असा वळसा नाही. डिप्लोमा झाल्यावर नोकरी धरता येते किंवा इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. लातूर, यवतमाळ आणि तासगावला तर शासनाची खास मुलींची निवासी तंत्रनिकेतने आहेत, राहायची सोय आतच. दुकानात कॉइल गुंडाळणाऱ्या त्या मुलीसाठी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा म्हणजे घरचेच काम होते. तो सांगायचे काम माझे होते आणि मला तो ठाऊक नव्हता.

पैशांचे म्हणाल, तर वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने शंभर टक्के माफ केले आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार, मणियार अशा आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात. बाकीच्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. अट एवढीच की कागद वेळेवर हवेत. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळे मुलगी नववीत असतानाच काढायला लागा. निकालानंतर सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिले की प्रवेशाची तारीख निघून जाते आणि मग घरी म्हणतात, नशिबात नव्हते.

जाण्यायेण्याची भीती मात्र खोटी नाही. मीही एका मुलीची आई आहे. आमच्याकडून सायन्सचे कॉलेज २४ किलोमीटर. प्रॅक्टिकल साडेचारला सुटते, पाचची एसटी चुकली की पुढची साडेसातची. "पाठवा हो, काही होत नाही" असे म्हणणे सोपे आहे, पण संध्याकाळी साडेसातला स्टँडवर उभे राहायचे असते त्या मुलीला. त्यामुळे यंदा त्या आईला मी उपदेश केला नाही. "उद्या तिच्या अब्बांना घेऊन या" एवढेच म्हटले.

ते आले. भाजीचा गाडा लावतात, दुपारी अडीचला मोकळे होतात. मी त्यांच्यासमोर मुलीला विचारले, तुला काय हवे? ती पहिल्यांदा बोलली, "सायन्स. मॅथ्स घेऊन." अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले ते अगदी व्यवहाराचे, आणखी कुणाच्या मुली जातात? आम्ही निकालाची यादी काढली. आसपासच्या तीन मुली निघाल्या, दोन आपल्यातल्या, एक मराठा समाजातली. चौघींचे बाप एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसले. कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटायचे, या मुलींची प्रॅक्टिकलची बॅच सकाळची मागायची, असे ठरले. तशी ती मिळाली. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत निघाला. पहिला महिनाभर दर दिवशी एक बाप पाळीने सोबत गेला. आता मुली चौघीच जातात.

आईचे मन मात्र अजून पुरते तयार नाही. बारावी झाली की बघू, असे ती म्हणते. एक स्थळ येऊन गेले, ते अब्बांनी परत पाठवले असे कानावर आले.

पहिल्या चाचणीत तिला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी अकरा पडले. रविवारी ती शब्दांची वही घेऊन घरी आली. वहीची मागची पाने तिने स्वतः भरायला घेतली आहेत, अकरावीचे नवे शब्द. एका ठिकाणी डावीकडची जागा कोरी होती. "मॅडम, टॉर्कला उर्दूत काय म्हणतात?" मला आठवेना. विज्ञानाच्या सरांना फोन केला, ते बाजारात होते, बघून सांगतो म्हणाले. तोवर मी तिला विचारले, तुला काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग. ती उठली, आमच्या दाराच्या बिजागरीजवळ बोट लावून दार ढकलले, हलेना. मग कडीजवळ बोट लावले, दार सहज उघडले. म्हणाली, "लांबून लावला की तोच जोर जास्त फिरवतो."

कोऱ्या जागेत तिने लिहिले, 'घुमाने का जोर'. सरांचा फोन आला की योग्य शब्द शेजारी लिहायचा आहे.